१४ आठवडे, आठवड्याला ८ तास: मुगाच्या उगवणीवरचा प्रकल्प मार्गदर्शकांपुढे कसा मांडावा?

बीजांकुर

नमस्कार. मी वनस्पतिशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विभागातल्या एका मॅडमनी मला आणि माझ्या वर्गमैत्रिणीला त्यांच्याकडे संशोधन प्रकल्प करायला होकार दिलाय. ‘दोन आठवड्यांत एका पानाचा आराखडा आणा, मग बोलू’ असं त्या म्हणाल्या. सत्र १४ आठवड्यांचं आहे आणि आम्हाला आठवड्याला साधारण ८ तास देता येतील.

आमचा विषय: क्षारतेचा मुगाच्या उगवणीवर होणारा परिणाम. डोक्यात असलेला बेत असा: मुगाचे ३ वाण, मिठाच्या ० ते २५० मिलिमोलर (लिटरमागे मोलचे हजारांश) अशा ६ पातळ्या, प्रत्येकी ३ पेट्री डिश, डिशमध्ये १० बिया. मोजायचं काय तर उगवणीची टक्केवारी, मुळाची आणि खोडाची लांबी, क्लोरोफिल, प्रोलिन (ताणात वाढणारं अमिनो आम्ल), आणि कॅटालेज व पेरॉक्सिडेज ही दोन विकरं (एन्झाइम).

हे १४ आठवड्यांत बसेल का? एका पानात नेमकं काय लिहायचं? आणि पुढेमागे शोधनिबंध निघालाच तर त्यावर आमचं नाव असेल का, हे आत्ताच विचारणं उद्धटपणाचं दिसेल का?

---

काचनळी

बसणार नाही. गणित मांडून बघा. ३ वाण × ६ पातळ्या × ३ डिश म्हणजे ५४ डिश. क्लोरोफिल, प्रोलिन आणि दोन विकरं अशा ४ चाचण्या प्रत्येक डिशवर केल्या की २१६ नमुने, आणि प्रत्येक नमुन्याची वाचनं तीनदा घेतली की ६४८ वाचनं. विकरांचा अर्क बर्फावर काढावा लागतो आणि त्याच दिवशी मोजावा लागतो, नाहीतर उणे ८० अंशांचा फ्रीजर हवा. त्याआधी प्रत्येक चाचणीचा प्रमाण आलेख (माहीत असलेल्या प्रमाणांशी वाचन ताडण्याचा) बसवण्यात एकेक आठवडा सहज जातो. आणि हे सगळं पहिल्याच खेपेला जमेल असं धरून चाललोय, तसं सहसा होत नाही.

तुमच्याकडे १४ × ८ म्हणजे माणशी ११२ तास आहेत. परीक्षा आणि सुट्ट्यांचे दोन आठवडे वजा केले की ९६ उरतात. सुरक्षिततेचं प्रशिक्षण आणि वाचन यांत २०, चाचपणीचा छोटा प्रयोग १०, मुख्य प्रयोग दोनदा करायला २५, विश्लेषण १५, लेखन २०. झाले ९०. उरलेले ६ तास बुरशी लागलेल्या डिश आणि बिघडलेला इनक्यूबेटर यांच्यासाठी. लेखनाचे २० तास पाहून बरेच जण ‘इतके कशाला’ म्हणतात आणि तेच कापतात. मग अहवाल शेवटच्या दोन रात्रींत लिहिला जातो आणि मार्गदर्शकांना तो सुधारायला वेळच मिळत नाही. ते तास कापू नका.

आता मुख्य मुद्दा. ‘क्षारतेचा परिणाम’ हा विषय झाला, प्रश्न नाही. मिठाने उगवण कमी होते हे माहीत आहे, ते पुन्हा दाखवून मॅडमना काय मिळणार? मीठ दोन वाटांनी त्रास देतं: एक, द्रावणाचा परासरणी दाब वाढल्याने बीला पाणी ओढता येत नाही, दोन, सोडियम आणि क्लोराइड आत शिरून पेशींना विषारी ठरतात. तुमच्या वाणात, तुमच्या पातळ्यांवर यातलं कोणतं कारण जास्त, हा खरा प्रश्न आहे. आणि तो महागड्या यंत्राशिवाय तपासता येतो. मिठात सात दिवस न उगवलेल्या बिया धुऊन साध्या ऊर्ध्वपातित पाण्यावर ठेवायच्या. उगवल्या तर अडथळा तात्पुरता होता, म्हणजे बहुतांशी पाण्याचा. फुगूनही उगवल्या नाहीत, कुजल्या, तर विषबाधेची शक्यता जास्त. याला पुनर्प्राप्ती चाचणी म्हणतात. खर्च जवळपास नाही, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला ती पूर्णपणे स्वतःची म्हणता येते.

एक वाण, ५ पातळ्या, एक मोजमाप: मूलांकुर (बीतून फुटणारं पहिलं मूळ) बाहेर आला की नाही, आणि केव्हा. एवढंच ठेवा.

---

मार्गदर्शक_वनस्पती

काचनळींशी पूर्ण सहमत. पानाबद्दल सांगतो, कारण असे आराखडे तपासणं हे कामच आहे.

पहिल्या ओळीत प्रश्न, प्रश्नचिन्हासकट. मग चार ओळी: याबद्दल काय माहीत आहे, कुठे अडलंय. दोन-तीन निबंध पुरेत, पण ते पूर्ण वाचलेले हवेत. नुसता सारांश वाचून दिलेला संदर्भ पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो. मॅडमचा स्वतःचा या विषयाजवळचा निबंध असेल तर त्यातली पद्धत नीट वाचा, कारण साहित्य, पातळ्या आणि इनक्यूबेटर सगळं तिथूनच येणार आहे.

मग उपचारांचा (कोणत्या डिशला कोणतं द्रावण) छोटा तक्ता. त्याखाली रिकाम्या अक्षांचा आलेख हाताने काढा: आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, किती रेषा. तुमचा अंदाज बरोबर ठरला तर रेषा कशा दिसतील ते ठिपक्यांनी दाखवा, चुकला तर कशा तेही. हा आलेख काढता येत नसेल तर प्रश्न अजून तयार नाही, मागे जा. विद्यार्थी ही पायरी सर्रास गाळतात आणि मार्गदर्शक आधी तीच शोधतात.

त्यानंतर आठवडावार वेळापत्रक, लागणाऱ्या वस्तूंची यादी आणि शेवटी ‘काय बिघडू शकतं’ अशा तीन ओळी. वस्तूंच्या यादीत प्रमाण लिहा. ‘पेट्री डिश’ असं नको. ‘९० मिमी पेट्री डिश २०, गाळणकागद ४०’ असं हवं. यादी नेमकी असली की कपाटातून काय मिळेल आणि काय मागवावं लागेल ते मार्गदर्शक लगेच सांगू शकतात. मागवलेली वस्तू यायला तीन-चार आठवडे लागले तर १४ आठवड्यांच्या प्रकल्पाचा पाव भाग तिथेच संपतो. म्हणून पहिल्या भेटीतच विचारा: यातलं आज हाताशी काय आहे? जे नाही त्यावर प्रकल्प उभा करू नका.

पहिल्या भेटीत आणखी काही गोष्टी बोलून घ्या. रोजच्या अडचणीला कोणाला विचारायचं, मॅडमना की एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला? प्रयोगशाळा किती ते किती उघडी असते, आणि विद्यार्थ्यांनी एकट्याने काम केलेलं चालतं का? कोणत्या उपकरणाला हात लावण्याआधी परवानगी लागते? मूळ नोंदवही कोणाकडे राहणार? (बहुतेक ठिकाणी ती प्रयोगशाळेची असते, तुम्ही फोटो किंवा प्रत ठेवायची.) परीक्षेच्या आठवड्यात येणार नाही हे आत्ताच तारखेसकट सांगून टाका. आधी सांगितलेल्या सुट्टीला कोणी नाही म्हणत नाही. न सांगता गायब झालेल्या विद्यार्थ्यावर पुन्हा भरवसा बसायला वेळ लागतो.

---

गाळणकागद

पद्धतीबद्दल लिहितो, कारण उगवणीचा प्रयोग सोपा दिसतो आणि तिथेच फसतो.

द्रावण: आधी १ मोलर साठा करा. ५८.४४ ग्रॅम सोडियम क्लोराइड विरघळवून एकूण १ लिटर. त्यातून २५० मिलि द्रावणासाठी ५० मिलिमोलरला १२.५ मिलि साठा, १०० ला २५, १५० ला ३७.५, २०० ला ५० मिलि घ्या आणि बाकी ऊर्ध्वपातित पाणी. खाण्याचं मीठ वापरू नका, त्यात आयोडीन आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात.

बियाणं: एकाच पिशवीतलं, एकाच हंगामाचं. पेरणीसाठी विकलेल्या बियाण्यावर बऱ्याचदा बुरशीनाशकाचा लेप असतो. तो धुतला जाईल या भरवशावर राहू नका, लेप नसलेलं बियाणं मिळवा. फुटकी, सुरकुतलेली, किडकी बी काढून टाका. निर्जंतुकीकरणासाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट ५ मिनिटं, मग ऊर्ध्वपातित पाण्याने ५ वेळा धुणं. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर १ भागाला ३ भाग पाणी. जुनी बाटली असेल तर तिची ताकद कमी झालेली असते, नवी उघडा. आणि हे द्रावण कोणत्याही आम्लाच्या जवळ नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

डिश: ९० मिमीची, खाली दोन गाळणकागद, वर २५ बिया एकमेकींना न चिकटवता. पाण्याचं प्रमाण पुस्तकांत ५ मिलि लिहिलेलं असतं, पण मुगाची बी मोठी. २५ बिया पहिल्या दिवसातच मिलि-दीड मिलि पाणी पितात. कागद सुकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पाणी बीत जातं, उडतं, पण मीठ बरंचसं मागेच राहतं. चौथ्या दिवशी तुमचं ‘१०० मिलिमोलर’ १०० राहिलेलं नसतं. चाचपणीत ५ आणि ८ मिलि दोन्ही करून बघा. डिश पॅराफिल्मने (ताणता येणाऱ्या मेणासारख्या पट्टीने) बंद करा. डिशचं वजन सुरुवातीला करून ठेवा. नंतर घटलेलं वजन बाष्पीभवनाचं, तेवढं ऊर्ध्वपातित पाणी घाला. मिठाचं द्रावण घालून भर केली की मीठ वाढत जातं. सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच.

टणक बिया: मुगात काही बिया पाणीच शोषत नाहीत. २४ तासांनीही लहान, कडक, चकचकीत राहिलेली बी म्हणजे ही. ती मिठामुळे अडलेली नाही, तिचं कवचच बंद आहे. त्यांची वेगळ्या रकान्यात नोंद करा, ‘न उगवलेल्या’ मध्ये मिसळू नका. नाहीतर पुनर्प्राप्ती चाचणीचं वाचन बिघडेल: टणक बी साध्या पाण्यातही उगवणार नाही आणि तुम्ही तिला विषबाधा म्हणाल.

‘उगवली’ म्हणजे काय ते आधी ठरवा. मूलांकुर २ मिमी बाहेर, ही सोयीची व्याख्या. दोघी मोजणार असाल तर पहिल्या दिवशी त्याच ४ डिश दोघींनी वेगवेगळ्या मोजा आणि आकडे ताडून पाहा. डिशला २-३ बियांहून जास्त फरक आला तर व्याख्येवर पुन्हा बसा.

इनक्यूबेटर २५ अंशांवर ठेवा, पण प्रत्येक फळीवर थर्मामीटर ठेवून बघा. वरच्या आणि खालच्या फळीत अंशाचा फरक असणं सामान्य आहे. म्हणून सगळ्या ० मिलिमोलरच्या डिश वरच्या फळीवर आणि २०० च्या खाली असं कधीही करू नका. प्रत्येक फळीवर प्रत्येक पातळीची एक डिश, आणि फळीवरची जागा चिठ्ठ्या टाकून.

---

सांख्यिकी_वाचक

डिशमध्ये १० बिया आणि ३ डिश असतील तर ‘माझ्याकडे ३० नमुने आहेत’ असं लिहायचा मोह होईल. नाहीत. उपचार डिशला दिलाय, बीला नाही. एका डिशमधल्या बिया एकच कागद, एकच द्रावण, एकच बुरशी वाटून घेतात. नमुनासंख्या म्हणजे डिशांची संख्या. या चुकीला आभासी पुनरावृत्ती म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल ती ठळकपणे मांडली आणि परीक्षक आजही ती आधी शोधतात.

माझा सल्ला: ५ पातळ्या × ४ डिश × २५ बिया, म्हणजे एका खेपेला २० डिश आणि ५०० बिया. हाच प्रयोग नव्याने द्रावण करून दुसऱ्यांदा. दोन खेपा एका मोठ्या खेपेपेक्षा मोलाच्या, कारण पहिल्या खेपेत द्रावण चुकलं असेल तर ८ डिश घेऊनही ती चूक दिसणार नाही.

डिशांवर पातळी लिहू नका. ०१ ते २० असे सांकेतिक क्रमांक टाका आणि किल्ली (कोणता क्रमांक कोणत्या पातळीचा ती यादी) तिसऱ्या व्यक्तीकडे ठेवा. २ मिमी आहे की १.८ हे ठरवताना ‘ही तर २०० ची डिश’ हे डोळ्यासमोर असेल तर हात झुकतो.

टक्केवारी काढून थेट अनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना) लावण्याची सवय टाळा. ‘२५ पैकी २३’ ही गणना आहे, तिला द्विपदी प्रतिमान (हो-नाही अशा मोजणीसाठीचं) लावा, लॉजिट जोडणीसह (लॉजिट म्हणजे उगवलेल्या भागिले न उगवलेल्या, याचा लॉगॅरिदम). मिठाची पातळी हे नाव नाही, संख्या आहे. तिला संख्याच राहू द्या, म्हणजे पाच गटांच्या दहा जोड्यांची तुलना करण्याऐवजी एक वक्र मिळेल. उरलेलं विचलन भागिले स्वातंत्र्यमात्रा हा आकडा १.५ च्या वर गेला तर डिशाडिशांत अपेक्षेपेक्षा जास्त फरक आहे, तेव्हा क्वासी-द्विपदी वापरा. एक अडचण आधीच सांगून ठेवतो: साध्या पाण्यात २५ पैकी २५ उगवल्या, चारही डिशांत, आणि पातळ्या वेगळे गट म्हणून धरल्या, तर प्रमाणत्रुटी (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) भलतीच मोठी येईल. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. शंभर टक्क्यांचा लॉजिट अनंत असतो म्हणून तसं होतं. पातळी संख्या म्हणून घेतली की ही अडचण बहुधा येतच नाही.

---

बीजांकुर

खूप आभार. बेत बदलला: एक वाण, ५ पातळ्या, ४ डिश, दोन खेपा, शेवटी पुनर्प्राप्ती चाचणी. रिकामा आलेख काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आम्ही लांबी कशासाठी मोजणार होतो हेच आम्हाला सांगता येत नव्हतं.

दोन अडचणी. मॅडमकडचा संशोधक विद्यार्थी दादा म्हणतो की निदान प्रोलिन तरी ठेवा, नाहीतर प्रकल्प ‘फक्त बिया मोजल्या’ असा दिसेल. आणि प्रयोगशाळा ९ ते ५ च उघडी असते. मूग दोन दिवसांत उगवतो असं वाचलं, मग मधल्या तासांचं काय?

---

अर्क_आणि_अर्थ

प्रोलिनबद्दल मी दादाच्या बाजूने थोडं बोलेन. जैवरसायनाची एक चाचणी हातून गेली की पुढच्या कामाला फायदा होतो, आणि १९७३ सालची बेट्स यांची पद्धत पदवीच्या विद्यार्थ्यांना जमते: ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लात अर्क, आम्ल-निनहायड्रिन, १०० अंशांवर तासभर, बर्फात थांबवणं, टोल्युइनमध्ये रंग ओढून ५२० नॅनोमीटरला वाचन. धुराड्याचं कपाट (फ्यूम हूड) मात्र हवंच, टोल्युइन उघड्या टेबलावर नाही.

---

काचनळी

जमते, पण या प्रकल्पात ती बसत नाही. कारण वेळ नाही, ऊती (अंकुराचा ताजा भाग). पद्धतीला साधारण अर्धा ग्रॅम ताजी ऊती लागते. २०० मिलिमोलरला अंकुर आलेच तर खुरटलेले असतील, मग पुरेशी ऊती जमवायला चारही डिश एकत्र कराव्या लागतील. चार डिश एकत्र केल्या की चार नमुन्यांचा एक नमुना झाला आणि तुलना संपली. शिवाय ज्या बिया उगवल्या त्यांच्यातलंच प्रोलिन तुम्ही मोजणार. ज्या अडल्या त्यांच्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. तुमचा प्रश्न तर अडलेल्या बियांचा आहे.

प्रकल्प भारदस्त करायचाच असेल तर त्याच प्रश्नाला नेमका ठोसा देणारी तुलना घाला: पॉलिएथिलीन ग्लायकॉल ६०००. हा रेणू मोठा, बीच्या पेशींत फारसा शिरत नाही, पण पाणी तितकंच धरून ठेवतो. १०० मिलिमोलर मिठाचा परासरणी दाब २५ अंशांना सुमारे ०.४६ मेगापास्कल. मिशेल आणि कॉफमन यांच्या १९७३ सालच्या सूत्राने तेवढा दाब १ किलो पाण्यात सुमारे १९३ ग्रॅम पॉलिएथिलीन ग्लायकॉलने मिळतो. ‘१ किलो पाण्यात’ हे महत्त्वाचं. १ लिटर होईपर्यंत पाणी घालत नेलं तर द्रावण बरंच दाट होतं. दोन डिशांची तुलना करा: दाब सारखा, एकात मीठ, एकात नाही. दोन्हीत उगवण सारखीच मंदावली तर कारण पाणी. मिठात जास्त मंदावली तर विषबाधेचा वाटा आहे. हे द्रावण घट्ट असतं आणि त्यातून प्राणवायू नीट जात नाही, म्हणून बिया त्यात बुडता कामा नयेत, फक्त ओल्या कागदावर हव्यात.

४ जादा डिश लागतील, म्हणजे २४. कामाचा बोजा एवढाच वाढतो. दादाला हे कारणासकट सांगा. प्रोलिन नको म्हणताना त्याबदली काय ठेवलं हे दाखवलं की तो वाईट वाटून घेणार नाही.

---

सांख्यिकी_वाचक

९ ते ५ ची अडचण नाही. सकाळी ९ ला पेरा, मग २४, ३२, ४८, ५६, ७२, ८० तासांनी मोजा, पुढे सातव्या दिवसापर्यंत रोज एकदा. सोमवारी पेरलं तर दाट मोजणी गुरुवारपर्यंत संपते. सातवा दिवस पुढच्या सोमवारी येतो, आणि मधल्या शनिवार-रविवारी दार उघडेल का ते आधी विचारा. अंतरं समान असायची गरज नाही. ‘३२ ते ४८ तासांच्या दरम्यान उगवली’ अशी नोंद घटनेपर्यंतच्या कालावधीच्या पद्धतींना चालते. फक्त ‘सरासरी उगवण काळ’ काढून थांबू नका. त्या सरासरीत न उगवलेल्या बिया मोजल्याच जात नाहीत, त्यामुळे २०० मिलिमोलरला पाचच बिया पण लवकर उगवल्या तर आकडा फसवा चांगला येतो. न उगवलेल्या बिया ‘सातव्या दिवसापर्यंत नाही’ म्हणून हिशोबात राहिल्या पाहिजेत.

चाचपणीत ०, १५० आणि ३०० घ्या, प्रत्येकी २ डिश. मूलांकुर फुटण्यापुरता मूग बऱ्यापैकी मीठ सोसतो. २०० लाही ९० टक्के उगवल्या तर पुनर्प्राप्तीला बियाच उरणार नाहीत, मग पातळ्या वर न्याव्या लागतील, आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलची जोडी १०० ऐवजी वरच्या पातळीशी लावून त्याचं प्रमाण सूत्राने पुन्हा काढावं लागेल. साध्या पाण्यात ८५ टक्क्यांखाली उगवण आली तर बियाणं बदला, प्रयोग सुरू करू नका.

---

मार्गदर्शक_वनस्पती

नावाचा प्रश्न राहिला. विचारणं उद्धटपणाचं नाही, उशिरा विचारणं अवघड होतं. शब्द असे ठेवता येतील: ‘मॅडम, या कामातून निबंध झाला तर लेखकत्व कशावर ठरतं, आणि त्यासाठी आम्ही काय काय करणं अपेक्षित आहे?’ यात मागणी नाही, जबाबदारीची चौकशी आहे.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्यात आणि इतर शाखांतही त्यांचा आधार घेतला जातो: कल्पना, आखणी, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाची दुरुस्ती, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या अचूकतेची जबाबदारी. चारही लागतात. नुसत्या बिया मोजून दिल्या तर ऋणनिर्देशात नाव येतं, लेखकांत नाही. मात्र याची दुसरी बाजूही त्याच नियमांत आहे: पहिली अट पूर्ण करणाऱ्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी दिली पाहिजे, संधी न देता वगळणं बरोबर नाही. तुम्ही पद्धतीचा भाग आणि आलेख स्वतः लिहून दिलेत तर तुमची बाजू पक्की होते. म्हणून पद्धतीचा मसुदा प्रयोग चालू असतानाच लिहा. तिसऱ्या महिन्यात ब्लीच (हायपोक्लोराइट) किती टक्के होतं ते आठवत नाही. दोघींपैकी कोणी काय केलं याचीही नोंद ठेवा. क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी बरीच नियतकालिकं वापरतात, ती समोर ठेवली की वाद होत नाहीत.

साप्ताहिक भेटीबद्दल: अर्धा तास पुरतो, पण आदल्या दिवशी पाच-सहा ओळी पाठवा. काय केलं, एक आलेख किंवा तक्ता, कुठे अडलं, आणि मॅडमकडून कोणता निर्णय हवाय. शेवटची ओळ सर्वांत उपयोगाची. ‘सगळं ठीक चाललंय’ एवढंच कळवलं की मार्गदर्शक दुसऱ्या कामाला लागतात. भेटीनंतर त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टी दोन ओळींत लिहून पाठवा. उत्तर आलं नाही तर चार दिवसांनी त्याच मेलला जोडून आठवण करा, आणि तुमचा पर्याय सांगा: ‘शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर १५० ची पातळी ठेवून पेरतो’. हे परत न घेता येणाऱ्या गोष्टींसाठी करू नका: खरेदी, बियाणं बदलणं, दुसऱ्याचं रसायन वापरणं, यांना होकार आल्याशिवाय थांबायचं. आणि डिश पडली, बुरशी आली, मोजणी चुकली तर त्याच दिवशी सांगा. आकडा ‘दुरुस्त’ करणं हा एकच प्रकार असा आहे की ज्यानंतर मार्गदर्शक पुन्हा काम देत नाही.

---

गाळणकागद

मोजणीच्या फाइलबद्दल एक. एका ओळीत एक डिश आणि एक वेळ: खेप, डिश क्रमांक, फळी, तास, एकूण उगवलेल्या, टणक, बुरशी लागलेल्या, मोजणाऱ्याचं नाव. पातळीचा रकाना शेवटी, किल्ली उघडल्यावर. रंग भरून अर्थ लावू नका, सॉफ्टवेअरला पिवळा रंग वाचता येत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी. स्प्रेडशीट आपल्या मनाने मजकुराच्या तारखा करते. मानवी जनुकांची काही नावं याच कारणाने २०२० साली अधिकृतपणे बदलावी लागली. मूळ फाइल फक्त वाचण्यापुरती ठेवा, विश्लेषण तिच्या प्रतीवर करा, आणि कागदी नोंदवहीच्या पानाचा फोटो रोजच्या रोज मॅडमच्या सामायिक फोल्डरमध्ये टाका.

पुनर्प्राप्तीची मोजणी वेगळ्या फाइलमध्ये, आणि भाजक बदलतो हे विसरू नका: सातव्या दिवशी न उगवलेल्या, फुगलेल्या बिया एवढाच भाजक. २५ नाही. एखाद्या डिशमध्ये अशा दोनच बिया उरल्या तर त्या डिशची टक्केवारी छापू नका, ‘२ पैकी १’ असंच लिहा.